रिठदचा समुद्र

रिठदच्या बसथांब्यासमोर जगदेवचे कृषी केंद्र आहे. बियाणे, खते, फवारणीची औषधे, संत्र्याच्या बुंध्याला लावायचे मोरचूद असे सगळे तिथे मिळते आणि त्याबरोबर जगदेवचा सल्ला फुकट मिळतो. गिऱ्हाईक आपल्या सोयाबीनचे दुखणे सांगायला तोंड उघडते न उघडते तोच जगदेव पाठ वळवून फळीवरचा डबा काढू लागलेला असतो. समोरच्याचे दुसरे वाक्य त्याने आयुष्यात कधी ऐकलेले नाही. लग्नाच्या बैठकीत रत्नमालाच्या वडिलांनाही त्याने पुरते बोलू दिले नव्हते. त्यामुळे मुलीला चष्मा आहे हे त्याला मांडवात कळले.

गावात कोणतीही वस्तू आधी आपल्या घरी यावी एवढा एकच ध्यास त्याने जन्मभर धरला. पहिला सपाट टीव्ही त्याचा, पहिला इन्व्हर्टर त्याचा. एमू पाळायची लाट आली तेव्हा पहिले एमू त्याच्याच गोठ्यात उतरले आणि त्यातला एक सुटला तेव्हा शिरपूरच्या रस्त्यावर लुंगी सावरत धावणारा पहिला माणूसही तोच. रत्नमालाने हे सगळे पाहिले होते आणि दर वेळचा पसारा तिनेच आवरला होता. नवऱ्याचा राग येणे तिने केव्हाच सोडून दिले होते. खरकट्या पातेल्याकडे पाहावे तसे ती त्याच्याकडे पाही. कधीतरी घासावे लागणार, एवढाच तिचा विचार.

समुद्राचे खूळ बालीहून आले. ठरल्याएवढे खत विकले की कंपनी दुकानदारांना परदेशी फिरवून आणते, तसे जगदेवलाही नेले होते. तिथल्या हॉटेलात शिरताच भिंतभर काचेची पेटी होती. तिच्यात निळा उजेड, उजेडात खडक, खडकांवर फुलांसारखी डुलणारी पोवळी आणि त्यांतून फिरणारे केशरी मासे. बाकीचे दुकानदार समुद्रावर गेले. जगदेव त्या पेटीपुढे उभा राहून स्वतःचे फोटो काढवून घेत राहिला. खरा समुद्र हाकेच्या अंतरावर होता, पण त्याच्यापुढे उभे राहून फोटो सगळेच काढतात.

घरी आल्यावर त्याने जाहीर केले, "आपल्या घरी समुद्र येऊन राह्यला."

"कोन्या खोलीत?" रत्नमालाने विचारले.

खोली एकच होती. घराच्या उत्तरेची, मागची, जिच्या भिंतीवर ऊन येत नाही. तिथे त्याची आई तुळसाबाई झोपत असे. समुद्राच्या पाण्याला ऊन सोसत नाही आणि आईला सोसते, हे जगदेवने कुठे वाचले कोण जाणे. त्याने खोलीला एसी बसवला आणि आईची बाज टिनाच्या पडवीत नेली.

"माय, थोडे दिस पडवीत झोप. तथी वारा येते."

"कोन्या महिन्यात येते बाप्पा?" तुळसाबाईने विचारले. जगदेव भिंतीची मापे घेत होता.

पुण्याच्या नवीन नावाच्या पोराकडून सामान मागवले. ट्रॅव्हल्सने खोकी येत राहिली. जाड काचेची पेटी, तिच्याखाली ठेवायची दुसरी लहान पेटी, पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारे नळकांडे, लाटा उठवणारे पंखे, निळे दिवे, बादलीभर समुद्री मीठ, आणि पाणी किती खारट झाले हे डोळ्याला लावून पाहायची दुर्बीण. गोडे पाणी वाशिमहून कॅनमधून यायचे, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार चालत नाहीत. शेजारचे रामराव हे पाहून फाटकाशी थबकले.

"जगदेवभाऊ, गोडं पानी इकत आनता आन मंग त्यात मीठ टाकता?"

"हो."

"आमच्या बोअरचं पानी उपजतच खारं हाय. घेऊन जा, राजेहो. मिठाचा खर्च वाचन."

"तुमाले नाई समजनार रामराव."

"मले नाईच समजलं, म्हनून तं इचारून राह्यलो," रामराव म्हणाले आणि चालू लागले. दुपारपर्यंत हा संवाद गावभर झाला होता.

पाणी भरले, खडक रचले, आणि पाणी जिवंत व्हायला काही आठवडे थांबायचे असे नवीनने बजावले. तो फोनवर समजावून सांगत होता तेव्हा रत्नमाला शेजारीच तूर पाखडत बसली होती. फोन स्पीकरवर होता, कारण जगदेवचे परगावचे फोन सगळ्यांनी ऐकावेत अशी त्याची इच्छा असते.

"काका, आणखी एक. तांबं पाण्याजवळ येऊ द्यायचं नाही. वायर, नळ, भांडं, काहीच नाही. मासे एक वेळ तग धरतील, पण शंख, कोळंबी, पोवळी यांना तांब्याचा अंशही…"

"समजलं, समजलं. मी औषधाच्या धंद्यातला मानूस हाय," जगदेव म्हणाला आणि त्याला बालीच्या हॉटेलातला नाश्ता सांगू लागला. रत्नमालाने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. वाक्य तिने पूर्ण ऐकले होते. त्या घरात वाक्ये पूर्ण ऐकायचे काम तिच्याकडेच असे.

मुहूर्त पाडव्याचा धरला. माणसे आली. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी समुद्र चालेल, मग दिवाणखान्यातला पंखा, अशी व्यवस्था जगदेवने केली होती आणि ती तो पाहुण्यांना अभिमानाने सांगत होता. पडवीतला पंखा त्या यादीत नव्हता. काचेआड दोन केशरी मासे फिरत होते, एक पांढऱ्या मिशांची कोळंबी खडकावर बसली होती, शंख काचेवरून सरकत होते, आणि मऊ पोवळी खरोखरच फुलल्यासारखी दिसत होती. दिसायला ते सुंदर होते, हे रत्नमालाने मनात मान्य केले. त्यात जगदेवचे काही नव्हते, म्हणून मान्य करायला जड गेले नाही.

पूजा झाली. पण जगदेवला मोबाईलवर टाकायला काहीतरी वेगळे हवे होते. तो आईकडे वळला.

"माय, तुझा गंगेचा गडू आन."

तुळसाबाईने हातातले ताट खाली ठेवले. नवऱ्याबरोबर काशीला गेली तेव्हा तिने बंद तोंडाचे तांब्याचे दोन गडू आणले होते. दोघांचे मावंदे एकाच दिवशी केले होते. एक गडू नवरा गेला तेव्हा फोडला आणि त्यातले पाणी त्याच्या तोंडात घातले. दुसरा तिचा. पेटीच्या तळाशी, लुगड्यात गुंडाळलेला. त्या बाईने या जगात स्वतःसाठी राखून ठेवलेली वस्तू तेवढीच होती.

"थो कायले?" ती हळूच म्हणाली.

"गंगा शेवटी समुद्रालेच मिळते ना? आन लवकर, लोक थांबले हायेत."

वीस माणसांसमोर पोटच्या पोराने हात पुढे केला तर म्हातारी काय करणार? तिने गडू आणला. रत्नमाला पुढे झाली.

"अहो, त्या पुन्याच्या पोरानं तांब्याचं नाव घेतलं होतं. पान्यात नाई टाकाचं म्हने."

जगदेव पाहुण्यांकडे पाहून हसला. "गंगेचं तांबं हाय थे. त्यानं कोनी मरते काय? तू चहाचं पाह्य."

पाहुणेही हसले. रत्नमाला चहाकडे गेली. एकदा सांगायचे, पुन्हा सांगायचे नाही, हा नियम तिने संसारात फार पूर्वी घालून घेतला होता आणि तो तिला कधी महाग पडला नव्हता. जगदेवने बाही वर सारून गडू दोन खडकांच्या मध्ये रोवला. निळ्या उजेडात तो छान चमकला. त्याचा व्हिडिओ किन्हीराजा गावी दिलेल्या बहिणीपासून सगळ्या नातलगांना गेला.

उन्हाळा चढत गेला. पडवीतले टिन सकाळी अकरालाच कडकड वाजू लागे. तुळसाबाई ओला पंचा डोक्यावर घेऊन बसे आणि आपल्या खोलीच्या दारातून येणारी गार हवा पायांना लागावी म्हणून कधी कधी उंबऱ्याशी टेके.

पेटीत आधी शंख गळून पडले. उताणे झाले ते पुन्हा उठले नाहीत. मग कोळंबी एका बाजूला कलंडली. पोवळी मिटली, ती उघडेनात. मासे मात्र मजेत फिरत होते. जगदेवने पहिल्यांदा मिठाला दोष दिला, मग वाशिमच्या पाणीवाल्याला, मग वीज मंडळाला. नवीनने विचारले, "काका, पाण्यात कुठे तांबं नाही ना?" जगदेव म्हणाला, "छे." तो खोटे बोलत नव्हता. गडू हा त्याच्या लेखी तांब्याचा नव्हताच, तो गंगेचा होता, व्हिडिओतला होता.

शेवटी दोष द्यायला घरात एकच माणूस उरले.

"माय उंबऱ्यावर बसून मिसरी लावते. थी तंबाखूची भुकटी पान्यात उडून राह्यली," तो रत्नमालाला म्हणाला. "तिले पावसाळ्यापर्यंत किन्हीराजाले धाडू. उद्या गाडी सांगतली मी."

"लेकीच्या घरी? तिच्या सासऱ्याच्या घरात?"

"मंग काय झालं?"

रत्नमालाचे सासूवर फार प्रेम होते असे नाही. नवी नवरी असताना या सासूने तिला ताकातल्या लोण्यावरून बोल लावले होते आणि ते ती विसरली नव्हती. पण लोण्यावरून बोलायला निदान त्या बाईजवळ एक गाय होती आणि तिची धार ती स्वतः काढत होती; जगदेवच्या बोलाला तेवढाही आधार नव्हता.

सकाळी तुळसाबाईने बोचके बांधले. रडली नाही. दारात गाडी आली तेव्हा ती खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

"जगदेवा, माझा गडू तेवढा दे. तथी मेली तं पोरीच्या सासऱ्याले काय मांगू, गंगेचं पानी?"

"आता नाई, माय. पान्यात हात घालता येत नाई. तब्येत नाजूक हाय त्यायची."

"कोनाची?"

"पोवळ्यायची."

म्हातारीने लेकाकडे पाहिले. त्या पाहण्यात शिवी नव्हती. शिवी देण्याइतकाही तो उरला नव्हता. रत्नमालाने बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, दोघांच्या मधून आत गेली आणि पेटीत हात घातला.

"अवो, काय करून राह्यली?" जगदेव म्हणाला.

गडू बाहेर आला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. अंगभर हिरवीनिळी बुरशी चढावी तसा थर, बुडाशी खड्डे, आणि ज्या खडकांत तो रोवला होता तिथेही तोच रंग. रत्नमालाने तो पुसला नाही. तसाच टेबलावर ठेवला, नवऱ्याचा फोन उचलून नवीनला लावला आणि कॅमेरा गडूवर धरला.

पलीकडून नवीन म्हणाला, "काका, हे पाण्यात होतं?"

"गंगेचं हाय थे," जगदेव म्हणाला.

"केव्हापासून?"

"पाडव्यापासून," रत्नमालाने सांगितले.

"मग काही उपाय नाही. खडकांनी तांबं पिऊन घेतलंय. पाणी बदललं तरी त्यांतून ते सुटत राहणार. मासे जगतील, ते मी परत घेतो. बाकी या पेटीत आता काही फुलणार नाही."

फोन बंद झाला. जगदेव खुर्चीत बसला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता आणि क्षणभर रत्नमालाला वाटले की हा आता आईकडे वळून काहीतरी बोलेल. तो बायकोकडे वळला.

"तू तवा जोर देऊन कायले नाई सांगतलं?"

रत्नमाला हात पुसत होती. "दुकानात मोरचूद कोन इकते?" तिने विचारले.

"मी."

"कायचं अस्ते थे?"

तीस वर्षे जगदेव संत्र्यांवरची बुरशी मारायला गिऱ्हाइकांना तांब्याचेच औषध देत आला होता. डब्यावर ते छापलेले होते. पण डबाही बोलू लागला की जगदेव पाठ वळवत असणार.

गाडीवाल्याने बाहेरून हॉर्न वाजवला. रत्नमालाने त्याला जायला सांगितले आणि पडवीतली बाज एका बाजूने उचलली. दुसरी बाजू उचलायला जगदेव उठला नाही, म्हणून फाटकाशी रेंगाळणारे रामराव आत आले. बाज खोलीत गेली, रिकाम्या होऊ घातलेल्या समुद्राशेजारी.

मासे त्याच आठवड्यात थर्माकोलच्या खोक्यातून पुण्याला परतले. ते गेले त्याच दिवशी तुळसाबाईने एसी बंद करायला लावला. त्याने तिचे गुडघे धरतात. तिला फक्त ऊन न येणारी ती भिंत हवी होती. जगदेव आता गिऱ्हाइकांना सांगतो की आपल्या भागाचे पाणीच वाईट, नाहीतर रिठदला समुद्र टिकला असता. गिऱ्हाईक "पन भाऊ, पानी तं वाशिमचं…" म्हणेपर्यंत तो फळीकडे वळलेला असतो.

गडू तुळसाबाईने चिंच लावून घासला. खड्डे राहिले, पण तोंड धरून होते. कानाशी नेऊन तिने तो हलवला, आत पाणी वाजले. तेव्हापासून तो पेटीत जात नाही, तिच्या उशाशी असतो. रत्नमाला खोलीत आली तर म्हातारी पडल्या जागची हलत नाही. जगदेव आला, की ती झोपेतून उठल्यासारखी कुशीवर वळते आणि गडूवर हात ठेवते.