आखूड नळी

बाळासो हवालदार म्हणून पलटणीतून निवृत्त झाला आणि गावी येऊन महिनाभरातच कंटाळला. फलटणच्या अलीकडं थोडा ऊस, दारात म्हशी, तसं सगळं ठीक होतं. पण उसाला 'सावधान' म्हटलं तरी तो ऐकत नाही. पलटणीत असताना त्यानं कितीतरी रंगरुटांना नेम धरायला शिकवलं होतं. आता त्याचं ऐकून घ्यायला घरात लेकच काय ती उरली होती. ही अंकिता बारावीत होती, साताऱ्याच्या क्लबात एअर पिस्तूल चालवायची आणि चांगली चालवायची. "हात बापाचा घेतलाय पोरीनं," असं तो पारावर कुणी न विचारताच सांगत बसायचा.

क्लबातले वीरधवल सर एकदा म्हणाले, आता हिला रिव्हॉल्व्हर द्या. परवाना बाळासोकडं होताच, आणि बाप शेजारी उभा असला की रेंजवर तिला ते चालवता येणार होतं. सरांनी एवढंच बजावलं, "लांब नळीचं बघा." बाळासो मनातल्या मनात हसला. हे त्याला शिकवायचं म्हणजे कमालच होती. नेम धरताना मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी एका रेषेत आणायची असते. त्या दोन्हींत अंतर जास्त असलं की हाताची बारीक चूकसुद्धा लगेच दिसते आणि सुधारता येते. शिवाय लांब नळीचं वजन पुढं पडतं, त्यामुळं बार झाल्यावर हात फारसा उसळत नाही.

सांगलीत भाऊसोंच्या बंदुकीच्या दुकानात एकाच बनावटीची दोन जुनी रिव्हॉल्व्हरं आली होती. दर गोळीआधी अंगठ्यानं घोडा मागं ओढावा लागतो, त्यातली. घाईगर्दीच्या माणसाचं ते कामच नव्हे; अंकिताच्या शांत स्वभावाला मात्र अगदी बेतून दिल्यासारखं. एकाची नळी लांब, दुसऱ्याची आखूड. बाळासोनं लांबडं उचलून भिंतीवर नेम धरला. माशी जागची हलेना. झालं, पैसे देऊन निघायचं, तर नाही. सहज म्हणून त्यानं ते कमरेला लावून पाहिलं. खुर्चीत बसला तशी नळी मांडीत रुतायला लागली.

आता, कमरेला लावायची त्याला काय गरज पडली होती? तर फलटणच्या एका सराफानं त्याला रक्षक म्हणून ये असं विचारलं होतं. हत्यार स्वतःचं हवं आणि शर्टाखाली दिसता कामा नये, एवढीच त्याची अट. बाळासोनं आखूड नळीचं लावून पाहिलं. उठला, बसला, वाकला. दुकानातल्या आरशात स्वतःला न्याहाळलं. आपण पुन्हा कुणीतरी झालो असं त्याला वाटलं आणि तिथंच गड्याची मती फिरली.

घरी येऊन त्यानं ठोकून दिलं, "लांबडं न्हवतंच गं दुकानात. एवढं एकच हुतं."

"असू द्या की पप्पा," अंकिता म्हणाली. "मी करीन सवय."

सवय कसली होतेय! दर रविवारी रेंजवर तिच्या गोळ्या कागदभर विखरायच्या. सर म्हणायचे, लांब नळीचं कुठं मिळतंय का बघा. बाळासो म्हणायचा, बघतोच आहे. अंकिता रोज सकाळी पाण्यानं भरलेली बाटली हातात घेऊन, हात सरळ पुढं धरून अंगणात उभी राहायची. मनगट सुजलं तर हळद लावायची आणि पुन्हा उभी. "माझ्या हातातच खोट हाय," असं ती आईला सांगायची. ओट्यावर चहा पीत बसलेला बाळासो ते ऐकायचा. मग तो कपडे करायचा, तेच रिव्हॉल्व्हर कमरेला लावायचा आणि सराफाच्या दुकानी जायचा. पेठेत लोक "राम राम हवालदार" म्हणायचे. सुरुवातीला त्यामुळं छाती फुगली होती. आता दुसऱ्याचा चोरलेला सदरा घालून हिंडल्यासारखं वाटायचं. लाज वाटत होती त्याला, अगदी मनापासून. पण लाज वाटली म्हणून नोकरी सोडवते असं थोडंच आहे?

निवड चाचणीत अंकिता पार मागं पडली. सातारच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना ती म्हणाली, "पप्पा, मी सोडते आता. तुमी माझ्यापायी एवढं रिव्हॉल्व्हर घेतलं आन् मी सगळं मातीत घातलं. माफ करा मला."

बाळासोला भर स्टँडवर रडू येऊ लागलं. लेकीनं आपली माफी मागावी! त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं पहिल्या खोट्याला दुसरं ठिगळ लावलं. "सोडू नगंस, बाळ. सांगलीत लांबडं आलंय म्हणं. उद्या जाऊन बदलून आणू."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात शिरली, तर भाऊसो आपले मोकळ्या मनाचे. बघताच म्हणाले, "आली व्हय आठवण? मी तवाच म्हटलं हुतं हवालदार, लेकीला पाहिजे तर लांबडं न्या. तुमी हातात घेऊन परत ठेवलंत. तवापास्नं हितंच हाय बघा ते."

बाळासोची मान खाली गेली. अंकितानं एकवार बापाकडं पाहिलं. भाऊसोंनी पुढं केलेलं रिव्हॉल्व्हर तिनं घेतलं, रिकामं असल्याची खात्री केली, अंगठ्यानं घोडा ओढला आणि हात भिंतीकडं सरळ केला. हात तसूभरही हलला नाही.

"वा! काय हात हाय पोरीचा!" भाऊसो म्हणाले.

अंकितानं रिव्हॉल्व्हर सावकाश काचेवर ठेवलं. डोळे भरले होते, आवाज मात्र स्थिर होता.

"पप्पा, मी रोज आईला म्हणत हुते, माझ्या हातात खोट हाय. तुमी ओट्यावर बसून ऐकत हुता न्हवं?"

"व्हय," बाळासो म्हणाला.

"मग एकदा तरी न्हाई म्हणायचं हुतं."