खंदकातला कुको

संशय ही माझी खोड नाही, ती माझी नोकरी होती. बाहेरच्या फळांबरोबर कीड आत येऊ नये म्हणून राज्याच्या सीमेवर नाका आहे, तिथे मी एकतीस वर्षं गाड्या अडवल्या आणि एकच प्रश्न विचारला, "फळं आहेत का?" सगळे मान हलवून "नाही" म्हणायचे आणि सीटखालून संत्री निघायची. एकदा तर पाद्रीबाबाच्या गाडीत निघाली, चांगली डझनभर. तेव्हा अमका फार भला माणूस आहे असं मला कुणी सांगू नये. मी आधी सीटखाली बघते.

कुको मोंतान्योकडेही मी तसंच बघितलं. त्याचीच गोष्ट सांगते. त्यात माझी शोभा होणार आहे, होऊ दे.

कुको आमच्या यूमा गावातला, कालव्यावरचा माणूस. कुठल्या शेताच्या पाण्याचं दार किती वाजता उघडायचं आणि किती वाजता लावायचं, हे चाळीस वर्षं त्याच्या हातात होतं. पाण्यावरून इथे सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावतात, पण कुकोच्या घड्याळाबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याची बायको अंपारो गेली. त्यानंतर तो रविवारी आमच्या रायफल क्लबात यायला लागला. नेम मारायला नव्हे, खंदकात बसायला.

आमच्यापासून सहाशे यार्डांवर टार्गेटांची रांग आहे आणि तिच्या खाली खंदक. गोळी लागली की खालचा माणूस टार्गेट खाली ओढतो, आधीच्या भोकावर कागदाचं ठिगळ चिकटवतो, नव्या भोकात चकती खोचतो आणि टार्गेट परत वर ढकलतो. मग आम्हाला दुर्बिणीतून दिसतं, गोळी कुठे लागली ते. हिवाळ्यात हे काम सगळे पाळीपाळीने करतात. जुलैत पारा एकशे पंधरावर जातो (सेल्सियसवाल्यांनी सेहेचाळीस समजावं), खंदकाची भट्टी होते आणि सगळ्यांच्या कंबरा नेमक्या तेव्हाच धरतात. कुकोची कधी धरली नाही. गळ्याभोवती ओला टॉवेल, शेजारी लिंबू-मिठाच्या पाण्याचा कॅन, कानामागे पेन्सिल आणि डोक्यावर चार नंबरचं टार्गेट. अकरा वर्षं!

आता तुम्हीच सांगा, फुकटात अकरा वर्षं भट्टीत कोण बसतं?

मी क्लबाची गुणपत्रकं घेऊन बसले. चार नंबरवर जो कुणी नेम मारतो, त्याचे गुण इतरांपेक्षा तीन-चारने जास्तच! आणि कुकोचं टार्गेट खाली गेलं की पाच-सहा सेकंदांत वर. बाकीच्यांना भोक शोधायलाच पंधरा सेकंद लागतात. ह्याला इतक्या लवकर सापडतं कसं? मला तर वाटलं, हा शोधतच नसणार, चकती आपली मधोमध खोचून मोकळा होत असणार. आणि ती पेन्सिल! तिची जाडी आमच्या गोळीएवढीच. कागदात घुसवली की झालं भोक तयार. त्यात वेंडेल, आमचा खजुराच्या बागेवाला, त्याला दर महिन्याला खजुरांचा डबा देताना मी ह्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

जुलैचा सामना उजाडताच सुरू झाला. उन्हाच्या धास्तीने आठच जण आले होते, त्यामुळे मागे बसून गुण लिहायला माणूस नव्हता, ज्याचे त्याने लिहायचे. मी मुद्दाम चार नंबर मागून घेतला. पाचवर वेंडेल, आणि पाचच्या खाली खंदकात आमच्या अध्यक्षाची, हॅरोल्डची, बायको बर्निस. साडेआठलाच जमिनीतून अशा लाटा उठायला लागल्या की टार्गेटवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. रायफलची नळी हाताला चटके देत होती.

अकरा गोळ्या मी नीट मारल्या. बारावी नळीत घातली आणि तशीच पडून राहिले. माझा बेत साधा होता. आजूबाजूला आवाज होतायत, बघू हा काय करतो.

पाचेक सेकंद गेले. चार नंबरचं टार्गेट खाली गेलं आणि वर आलं. चकती मधोमध. दहापैकी दहा!

मी ताडकन उठले. "थांबवा! सगळं थांबवा! हे बघा, माझी बारावी गोळी अजून नळीत आहे आणि कुकोने मला तिचे दहा गुण दिलेत!"

हॅरोल्डने शिट्टी मारली. रायफली खाली गेल्या. त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "शेजारच्या कुणी चुकून चारवर मारली का? ह्या लाटांत होतं असं."

"माझी पाचवरच गेली," वेंडेल दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला. तीनवालाही नाही म्हणाला.

खंदकातून कुकोला बोलावलं. सहाशे यार्ड तो चालत आला. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद.

"भोक होतं," तो म्हणाला. "मी भोकाशिवाय चकती लावत नाही, लोर्ना."

"भोक असणारच! कानामागे हत्यार घेऊन फिरतोस ना."

त्याने पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं. "चकती भोकात अडकते. बाहेर ढकलायला लागते म्हणून ठेवतो."

"आणि खजूर? ते कशाला लागतात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुकोने पेन्सिल परत कानामागे खोचली. चाळीस वर्षांत ज्याच्या घड्याळावर कुणी बोट ठेवलं नाही, त्याला मी सगळ्यांसमोर चोर ठरवलं आणि मला, खोटं कशाला बोलू, मस्त वाटलं. संत्री सापडली की वाटायचं तसंच.

हॅरोल्ड जमिनीकडे बघत म्हणाला, "कुको, पुढच्या महिन्यापासून जरा... विश्रांती घे." कुकोने टार्गेटांच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. एकदा खंदकाकडे परत गेला, आपला कॅन आणि कागदाची एक गुंडाळी घेऊन आला आणि जुन्या गाडीत बसून निघून गेला. उरलेल्यांनी सामना संपवला. वेंडेल जिंकला.

सामन्यानंतर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करणं हा माझा नेम. त्या पुन्हा भरता येतात, टाकून कोण देणार? वेंडेलने आपल्या कधीच उचलल्या नाहीत, बड्या बागेचा मालक ना. मी त्या मोजत मोजत पिशवीत टाकल्या. एकवीस.

गोळ्या वीसच मारायच्या होत्या. मी पिशवी ओतून पुन्हा मोजल्या. एकवीसच.

वेंडेल गाडीत बसत होता. मी दार धरलं. "एकविसावी कशाची?"

"अगं, तू ओरडलीस ना, त्याच्या जरा आधी मी मारली होती. पण पाच खाली गेलंच नाही. मला वाटलं बर्निसचं लक्ष नव्हतं, तिला डुलकी लागते. म्हणून नंतर परत मारली."

"हॅरोल्डने विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"मला खरंच वाटलं पाचवरच गेली." मग त्याने काच वर केली.

खरं होतं की खोटं? एकतीस वर्षांचा अनुभव असून मला आजही सांगता येत नाही. पण ती गोळी चारवर लागली होती, एवढं पक्कं. कुकोने तिला दहा गुण दिले, कारण ती दहाचीच होती.

हॅरोल्डकडून किल्ली घेऊन मी तशीच कुकोच्या घरी गेले. तो अंगणात अंपारोच्या लिंबाला पाणी घालत होता. मी सगळं ओकले, पुंगळ्यांसकट. तो पाइप तसाच धरून ऐकत होता. मग आत गेला आणि ती गुंडाळी आणून माझ्यासमोर उलगडली. चार नंबरचा कागद. अकरा ठिगळं आणि मधोमध एक उघडं भोक. भोकाभोवती राखाडी कडं होतं. गोळी कागदातून जाताना तिच्यावरची काजळी कागदाला पुसली जाते, तिचं कडं उमटतं. पेन्सिलचं असं उमटत नाही. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"हे तुझ्या गाडीत होतं?" मी म्हणाले. "मग तिथेच का नाही दाखवलंस, बाबा?"

"तू विचारलंस कुठे? तू सरळ सांगूनच टाकलंस."

"रविवारी मी सगळ्यांसमोर कबूल करते. तू ये."

"कबूल कर. मी नाही येणार."

"कुको, चूक झाली रे माझी."

"झाली ना. किल्ली तुझ्याजवळच ठेव." आणि तो पुन्हा लिंबाकडे वळला.

मी कबूल केलं. क्लबाने वेंडेलकडून सामन्याचा कप काढून घेतला. हॅरोल्डने कुकोला दोनदा फोन केला, बर्निस केक घेऊन गेली. केक त्याने ठेवून घेतला. आला मात्र नाही.

ऑगस्टमध्ये चार नंबरच्या खाली मी बसले. दुसरं कोण बसणार होतं? तासाभरात डोळ्यांत घाम उतरून भोकं दिसेनात. तेव्हा कळलं, कुको टार्गेटकडे बघतच नसणार. टार्गेटांमागच्या मातीच्या बांधावर गोळीने धूळ कुठे उडते ते तो बघायचा, म्हणून कागद हातात येण्याआधीच भोक कुठे असेल हे त्याला माहीत असायचं. म्हणून टार्गेट लगेच वर जायचं आणि वारा बदलायच्या आत माणसाला पुढची गोळी मारता यायची. ते तीन-चार गुण तिथून यायचे, बहुधा खजूरही.

मी धूळ बघायचा प्रयत्न केला. मला नुसती धूळ दिसली.

वरून रेडिओ खरखरला, चारवरचा नेमबाज विचारत होता, "लोर्ना, झोपलीस का?" मग हॅरोल्डचा आवाज, जरा दबका, "चारचे गुण चांगलेच घसरलेत. खाली काय करतेयस नक्की?"