दुसऱ्या पानावरची चार नावं

सुमनताई आजगावकर गेल्या, आणि त्यांच्या निधनाच्या निवेदनात मी त्यांचं नावच घातलं नाही.

सकाळी सातला त्यांच्या मुलीचा, अश्विनीचा फोन आला. "काका, आई गेली... पेपरात तेवढं तुम्ही द्याल ना?" उभा जन्म गिरगावात छापखाना चालवण्यात गेलेल्या माणसाला हे काय अवघड. निधनाच्या मजकुराचा साचा मला झोपेतही पाठ असतो. तो मी जड आवाजात पेपरच्या ऑफिसात फोनवर सांगितला आणि मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी छापून आलं, "प्रभादेवी येथील ज्येष्ठ ग्रंथपाल व कै. वसंत आजगावकर यांच्या पत्नीचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगी, जावई, नात असा परिवार आहे." वसंतराव जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांचं नाव होतं. जावईसुद्धा होता. नव्हत्या त्या फक्त सुमनताई. वसंतरावांच्या ऑफिसातले एक जुने स्नेही भेटायला आले, ते दारातच अश्विनीला हळूच म्हणाले, "पेपरात सुमनवहिनींचं नाव नव्हतं. वसंतनं दुसरं लग्न केलं होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं." अश्विनी रडत होती, त्यात तिला हसू फुटलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, नेमकं आईच्याच बाबतीत सुचलं का हो हे?"

तिच्या म्हणण्याचा अर्थ कळायला सुमनताईंनी शेवटची पंधरा वर्षं काय केलं ते सांगायला हवं. इंग्लंडात पुस्तकं छापायला लागल्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीचशे वर्षांत ज्या बायकांनी ती लिहिली, छापली, शिवली आणि रस्त्यात उभं राहून विकली, त्यांची नावं त्या शोधत होत्या. आणि ही नावं बहुतेक वेळा कशी सापडत, तर "अमक्याची विधवा" अशी. नवऱ्याचं नाव ठळक, बाईचं नावच नाही. मी जे पेपरात दिलं, अगदी तसंच.

आमची ओळख झाली तीही माझ्या फजितीनंच. सुमनताई तेव्हा परळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. मी छापून दिलेल्या एका क्रमिक पुस्तकाची पानं सुटी होऊन सगळ्या वाचनालयभर उडायला लागली, म्हणून तो गठ्ठा पिशवीत घालून त्या थेट छापखान्यात आल्या. ठेंगणा बांधा, सुती साडी, आवाज मात्र वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. "हे शिवलं कोणी?" त्यांनी विचारलं. मालकानं जबाबदारी घ्यावी असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून मी छाती काढून म्हटलं, "मीच." त्यांनी पर्समधून सुई-दोरा काढला, एक सुटा फर्मा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "दाखवा." फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, ती कण्यावर शिवतात, इतपत मला माहीत होतं. पुढच्या पाच मिनिटांत मी सोळाही पानांवर रक्ताचे ठिपके पाडले. त्यांनी माझ्या बोटाला पट्टी बांधली आणि विचारलं, "आता खरं सांगा, मुद्रक."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा "मुद्रक" झालो. खरं उत्तर लालबागला होतं. तिथल्या एका चाळीत तळमजल्यावरच्या खोलीत चार बायका माझी पुस्तकं घडी घालून, जुळवून, शिवून देतात. सुमनताई दुसऱ्याच दिवशी तिथे गेल्या. दोष त्यांच्या शिलाईत नव्हताच, मी स्वस्तातला दोरा पुरवला होता. हे त्यांनी मला छापखान्यात येऊन, चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. पण लालबागला जाणं त्यांनी सोडलं नाही. दर गुरुवारी कॉलेज सुटलं की, आणि निवृत्तीनंतरही, तिथे जाऊन बसायच्या. काय करायच्या तिथे, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, बायकाबायकांच्या गप्पा असतील.

त्यांच्या कामाचं मूळ एका रद्दीत होतं. वाचनालयातून काढून टाकलेल्या पुस्तकांत इंग्रजी मुद्रणाचा एक जाडजूड इतिहास होता. त्यात एका छापखानेवाल्यावर सबंध प्रकरण, आणि त्याच्या बायकोवर अर्धी तळटीप. तळटीप काय सांगत होती, तर नवरा मेल्यावर छापखाना तिनं चालवला, आणि नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं चालवला. "जास्त वर्षं, मुद्रक," त्या टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "आणि जागा चार ओळींची. तीही बारीक टायपात." निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच घेतलं. कुठून कुठून झेरॉक्सा मागवल्या, परदेशी ग्रंथालयांना पत्रं लिहिली, पुढे अश्विनीच्या मुलीकडून कॉम्प्युटर शिकून जुन्या पुस्तकांची पहिली पानं भिंगाखाली धरावीत तशी मोठी करून बघायला लागल्या.

मग संध्याकाळी छापखान्यात चहा घेता घेता मला सगळं ऐकवायच्या. छापण्याचा हक्क तिथे छापखानेवाल्यांच्या संघटनेच्या हातात असायचा. विधवेला तो चालवता यायचा, पण तिनं पुन्हा लग्न केलं की त्याच धंद्यातल्या नव्या नवऱ्याकडे तो जायचा. "म्हणजे बाईला मागणी का येत असेल बघा," त्या म्हणायच्या, "रूप कोण बघतंय, यंत्र बघत होते." लिहिणाऱ्या बायका तर नावच घालत नसत. "एका कुलीन स्त्रीने लिहिलेले" इतकंच. वर प्रस्तावनेत माफी, की बाई असून लिहिण्याचं धाडस केलं. आणि रस्त्यावर बातम्यांची पत्रकं विकणाऱ्या बायका... सरकारविरुद्ध काही छापलं गेलं की लिहिणारा पळून जायचा, छापणारा लपायचा, आणि पकडली जायची ती हातात पत्रकं घेऊन उभी असलेली बाई. "तिचं नाव मात्र नीट लिहिलेलं सापडतं," सुमनताई म्हणाल्या. "कोर्टाच्या कागदात."

एकदा मी म्हटलं, "ताई, ती गोऱ्या लोकांची तऱ्हा. आपल्याकडे बाईला मान असतो." माझ्या मागच्या भिंतीवर छापखान्याच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्रक फ्रेम करून लावलेलं होतं. मीच लिहिलेलं. वडिलांनी स्थापना केली, काकांनी जोपासना केली, अस्मादिकांनी विस्तार केला. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन ते वाचलं आणि जुन्या कामांच्या नमुन्यांची फाइल मागितली. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, शाळांची प्रगतिपुस्तकं. प्रत्येकाच्या तळाशी मुद्रक म्हणून काकांचं नाव.

"काका कुठे असायचे?"

"रत्नागिरीला. गणपतीत यायचे."

"छापखाना?"

"गिरगावात."

"हात लांब होते," त्या म्हणाल्या, आणि फाइल मिटली.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो, म्हणजे कॅरमच्या क्लबात. नऊ वर्षं छापखाना आईनं चालवला. सकाळी डबे करून खाली छापखान्यात उतरायची ती दिवेलागणीला वर यायची. हाताची शाई घासलेटानं काढायची, तरी ताटातल्या भाताला घासलेटाचा वास यायचा, आणि मी तिला म्हणायचो, "आई, हात नीट धू ना." हे मला त्या दिवशी, सुमनताईंसमोर आठवलं. त्यापूर्वी किती वर्षांत आठवलं नव्हतं... चहाचा दुसरा कप त्यांनीच मागवला. ते पत्रक मी भिंतीवरून उतरवलं. बाहेरची पाटी मात्र अजून तीच आहे. रंगाऱ्याला सांगितलंय, असं मी गेली काही वर्षं सांगतो.

गेल्या वर्षी त्यांनी हस्तलिखित माझ्या हातात दिलं. अटी दोनच. हल्ली पुस्तकं गोंदानं चिकटवतात, तसं नको, शिवलेलं हवं. आणि दुसऱ्या पानावर, जिथे मुद्रकाचं नाव येतं तिथे, लालबागच्या चौघींची नावं हवीत, पूर्ण. पहिली अट मी लगेच मान्य केली. दुसरीला म्हटलं, "ताई, असा प्रघात नाही." त्या म्हणाल्या, "तेच तर पुस्तकात लिहिलंय." मग मी म्हटलं, पान भरलंय. त्यांनी स्वतः पट्टी घेऊन मोजून दाखवलं, चार ओळी मावत होत्या. मग म्हटलं, बघू. हे "बघू" मी दोन प्रुफं होईपर्यंत पुरवलं. कारण विचाराल तर धड सांगता येत नाही. लाज होती म्हणा. इतक्या वर्षांत त्या चौघींची नावं विचारली नाहीत, आता कोणत्या तोंडानं विचारायची? त्या मला शेठ म्हणत, मी त्यांना मोठ्या मावशी, धाकट्या मावशी, चष्मेवाल्या मावशी आणि नव्या मावशी म्हणत असे. नव्या मावशींना येऊन अकरा वर्षं झाली होती.

ताई हॉस्पिटलात होत्या तेव्हा शेवटचा भेटलो. नळ्या लावलेल्या, आवाज खाली गेलेला. मी पुस्तकाचं बोलायला सुरुवात करायच्या आत त्यांनी विचारलं, "नावं आणलीत?" मी म्हटलं, "आणली. पान लावून तयार आहे." पिशवीत पान होतं, पण चार ओळींची जागा कोरी. त्या म्हणाल्या, "वाचा बघू." मी खिसे चाचपले आणि म्हटलं, "अरेच्चा, चष्मा विसरलो." त्या माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. चष्मा तिथेच, वर सरकवलेला होता. मला ते नंतर लिफ्टमधल्या आरशात दिसलं. त्या तेव्हा इतकंच म्हणाल्या, "मग उद्या आणा, मुद्रक." दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. कागदवाल्याकडे काम होतं, म्हणजे तसं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला अश्विनीचा फोन आला.

नावासकट सुधारित निवेदन मी पेपरात दिलं, अश्विनीची माफीही मागितली. पण ज्यांना मी खोटं सांगितलं होतं त्या आता ऐकायला नव्हत्या. तेराव्यानंतरच्या गुरुवारी ते पान घेऊन मी लालबागला गेलो. शिवायचं काम मी नेहमी टेम्पोनं पाठवतो. आत मी शेवटचा कधी गेलो होतो ते आठवलं नाही. चौघी खाली बसून दुसऱ्याच कुणाचे फर्मे शिवत होत्या. खिडकीशी जाड कापडाची एक गुंडाळी होती आणि तिच्यात आठ-दहा सुया टोचलेल्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला. मी म्हटलं, तयारी छान आहे. चष्मेवाल्या मावशी म्हणाल्या, "ताईंनी ओवून ठेवल्यात. आम्हाला आता नेढं दिसत नाही ना नीट. दर गुरुवारी आठवड्याच्या ओवून जायच्या." या सुया त्यांच्या शेवटच्या गुरुवारच्या होत्या. चौघींनी एकही काढली नव्हती. एकमेकींच्या डोळ्यांनी चाचपडत नव्या ओवत होत्या.

ओवता ओवता ताई त्यांना सगळं पुस्तक सांगत असत, हे मला तिथे कळलं. धाकट्या मावशींनी मला विचारलं, त्या छापखानेवालीनं दुसरं लग्न केलं आणि छापखाना नवऱ्याच्या नावावर गेला, ते आलंय ना पुस्तकात? नव्या मावशींना पत्रकं विकणारी तुरुंगातून सुटली की नाही त्याची काळजी होती. मी म्हटलं, बघून सांगतो. मग घसा खाकरून ज्या कामाला आलो होतो ते सांगितलं. नव्या मावशींनी नाव सांगितलं, संगीता रमेश पाताडे, आणि मग म्हणाल्या, "रमेश नको, नुसतं संगीता पाताडे लिवा." धाकट्या मावशी शैला घाडी. चष्मेवाल्या मावशी रजनी तांबे. मी भराभर लिहून घेतलं. मोठ्या मावशींनी मान वर केली नव्हती. त्यांचा फर्मा संपायचा होता.

"आणि तुमचं, मावशी?"

त्यांनी गाठ मारली, दोरा तोडला, साडीला हात पुसले आणि माझ्या हातातून पेन घेतलं. पान मांडीवर घेऊन चौथ्या ओळीत सावकाश, गोल अक्षरात लिहिलं, सुलोचना परब. कोरी जागा भरली. मग पान माझ्याकडे देत, चष्म्याशिवाय माझ्याकडे रोखून बघत त्या म्हणाल्या, "बावीस वर्सां मी तुमची पुस्तकां शिवतंय, शेठ. माझा नाव तुमका आज कळला. मगे ताईंचा ह्या पुस्तक वाचून तुमका समाजला तरी काय?"