इंजनाचं कपाळ

बाबांनी जुनी गाडी विकायला काढली. "हिचंही वय झालं आणि माझंही," हे त्यांचं वर्षभराचं पालुपद ऐकून माझं डोकं उठलं होतं. सियागंज बाजारातल्या हिंदीभाषी गिऱ्हाईकाला इंजनाचा नंबर हवा होता. बॉनेट उघडलं, तर नंबराच्या जागी हळदकुंकवाचा काळा, चिकट थर. दसऱ्याला गाडीची पूजा करताना आई दरवर्षी तिथंच टिळा लावायची.

मी तिच्यावर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, सगळ्या इंजनात सपाट जागा तेवढीच. कपाळ तिथंच असणार ना!"

पेट्रोलच्या फडक्यानं घासल्यावर आकडे दिसले. अशाच गाड्या बाळगणाऱ्यांच्या ग्रुपवर मी ते टाकले. एकाच्या मूळ इंजनाचा नंबर आमच्याहून थोडा मागचा निघाला, दुसऱ्याचा थोडा पुढचा. कारखान्यात नंबर ओळीनं पडतात, तेव्हा आमचं इंजन त्या दोन गाड्यांच्या मधल्या काळातलं; आणि त्या दोन्ही तर आमच्या गाडीनंतर कितीतरी वर्षांनी आलेल्या. म्हणजे आमच्या गाडीपेक्षा कितीतरी तरुण! आधीच्या मालकानं कधीतरी बदललेलं असणार.

बाबांनी इंजनावर हलकेच थाप मारली. मग गिऱ्हाईकाला फोन लावून म्हणाले, "भिया, माफ करना, गाड़ी नहीं बेचनी." आणि माझ्याकडे वळून, "टायर तेवढे बदलून घेऊ."

यंदाच्या दसऱ्याला आईचं कुंकवाचं बोट त्या जागेपाशी थबकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"लाव गं बिनधास्त," मी म्हटलं. "नंबर पाठ आहे मला."