इल्लीसाहेब आणि न नांगरलेलं शेत

आमच्या इल्लीसाहेबांना उघडी माती दिसली की उकरल्याशिवाय राहवत नसे. एकदा शहरात तुकोगंजात दाढ दाखवायला गेले, तर डॉक्टरांनी बोलावेपर्यंत दवाखान्याच्या दारातल्या दोन कुंड्या उपसून झाल्या होत्या. तिथली मुलगी धावत आली, तेव्हा तळहातावरचा अळीचा तपकिरी कोष तिच्यापुढे धरून ते सुजल्या गालानं म्हणाले, "बेटा, डरू नको. झोपलीय ती."

शेतीखात्याच्या कचेरीत अकरा वर्षं माझं टेबल त्यांच्या समोर होतं. साहेब महूचे, वडील पलटणीत. त्यामुळे चालणं परेडचं आणि बोलणं हुकमाचं. हरभऱ्याचे घाटे पोखरणारी अळी, म्हणजे आमच्याकडची इल्ली, ही त्यांची जन्माची वैरीण. ती मातीत उतरून कोष करते, म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरा, कोष वर येतील, पुढचं ऊन आणि बगळे बघून घेतील, असं ते गावोगाव सांगत. शेवट ठरलेला: "नांगर फिरवा, इल्ली को धूप दिखाओ." एका लग्नात नवरदेवालाही त्यांनी आशीर्वादासोबत हेच सांगितलं.

देपालपूरकडचे एक पटेलजी मात्र ऐकत नसत. त्यांनी नांगर केव्हाच सोडला होता. सोयाबीन काढलं की त्याच धसकटांत ते थेट हरभरा पेरत. साहेबांनी भर सभेत त्यांना इल्लीचे व्याही म्हटलं. पटेलजी एवढंच म्हणाले, की एकदा येऊन बघा, मग बोला.

साहेब गेले. हंगामभर दर रविवारी, माझ्या स्कूटरवर मागे बसून. वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पिठाची चाळणी न विचारता उचललेली. पटेलजींचं शेत आणि शेजारचं नांगरलेलं शेत, दोन्हीकडची माती ते गुडघे टेकून चाळत. पटेलजींकडे कोष जास्त निघाले, तेव्हा स्वारी खुशीत आली. पण त्याच मातीत काळे चपळ भुंगेरे आणि कोळीही जास्त होते, आणि ते इल्ल्या मटकावत होते. घाटे भरले तेव्हा नुकसान दोन्हीकडे जवळजवळ सारखंच निघालं.

परतल्यावर साहेब घरापाशी उतरले आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, इल्लीबरोबर त्या भुंगेऱ्यांनाही मी इतकी वर्षं ऊन दाखवत होतो."

हे सभेत सांगू नका, लोक हसतील, असं मी सुचवलं. त्यांनी उभं राहून सांगितलंच. "पटेलजी, माझं चुकलं. सगळं नाही, अर्धं." लोक हसले. मग पटेलजींनीही कबूल केलं, की एका कोपऱ्यात रोपं कुरतडणारी इल्ली फार झालीय, तिथं नांगर घालावा लागेल. कोणतं अर्धं चुकलं, यावर दोघं पुढे कित्येक वर्षं भांडले.

गेल्या वर्षी साहेब वारले. आठवड्यानं पटेलजी चौघा शेतकऱ्यांना घेऊन महूला वहिनींना भेटायला आले. सगळे बाहेरच्या खोलीत बसले. मग कोणीतरी विचारलं, यंदा नांगरायचं का. बघता बघता आवाज चढले, एकजण तर उठून हातवारे करू लागला. मी ओशाळून आत गेले. वहिनी चहाचं आधण वाढवत होत्या. बाहेर जाऊन त्यांना हळू बोलायला सांगते, असं मी म्हणाले.

"थांबवू नका हो," वहिनी म्हणाल्या. "आठ दिवस झाले, या घरात सगळे कुजबुजूनच बोलतायत."