अण्णाचा पेनड्राइव्ह

हुलसुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं-बारशी करते, पासपोर्ट साईज काढते, पण जीव रमतो तो जुन्या फोटोंत. गेलेल्या माणसाचा मळका फोटो घेऊन लोक येतात, मी तो कॉम्प्युटरवर साफ करून मोठा करून देते.

मंठाळच्या एका अक्कानं तिच्या आईचा फोटो आणला होता. आईचा तेवढा एकच. आईला जाऊन वर्ष होत होतं, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला तो मोठा करून ठेवायचा होता. ओल लागून तो फ्रेमच्या काचेला घट्ट चिकटला होता. मी काचेसकट स्कॅन केला. चकाकी येत होती, म्हणून काच सोडवायला गेले आणि, बाई गं, अर्धा चेहरा काचेबरोबर सोलून आला. पण स्कॅन होता ना! त्यातली चकाकी घालवली की झालं, असं म्हणत मी तुकडे पाकिटात घातले. दोन दिवसांनी अक्का बाजाराला आली, दारातूनच म्हणाली, "मायचा फोटो नीट हाय न्हवं?"

"व्हय अक्का, एकदम नीट."

त्याच आठवड्यात फोटोच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली. मी अण्णाला फोन केला. अण्णा म्हणजे बसवकल्याणला कॉम्प्युटर क्लास चालवणारा. सख्खा नव्हे, पण माउस कसा धरायचा इथपासून त्यानंच शिकवलं. स्टुडिओचा नारळही मी त्याच्याच हातानं फोडून घेतला होता. तो पेनड्राइव्ह घेऊन आला. "इकत कामून घ्यायलीस? ह्यात ॲक्टिव्हेटर हाय. एकदा दाबलं की कायमचं चालू." दाबलं तर अँटीव्हायरसनं लाल पाटी दाखवली. "ते बंद कर आदी. उगं भुकायलंय," अण्णा म्हणाला. मी बंद केलं. अण्णा सांगतोय म्हटल्यावर मी कशाला विचार करतेय! सॉफ्टवेअर सुरू झालं, मी त्याला चहा पाजला, वर उपकारही मानले. कपाळ माझं!

चार दिवसांनी सकाळी दुकान उघडलं तर एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं, आणि पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी: फायलींना कुलूप घातलंय, पैसे पाठवा. जपणुकीसाठी वेगळी हार्ड डिस्क होती, पण ती मी कायम जोडूनच ठेवायची, तीही गेली. लोकांची लग्नं गेली, बारशी गेली. मला मात्र अक्काच्या आईशिवाय काही सुचत नव्हतं.

तशीच बस धरून बसवकल्याणला गेले. अण्णानं ऐकून घेतलं आणि जराही दचकला नाही. तिथंच मला कळलं.

"तुला ठाऊक होतं?"

"क्लासातल्या दोन मशिनी तशाच गेल्या की मागं."

"आन् तुझी सोताची?"

"माझ्या मशिनीवर इकतचं हाय. घरचं समदं असतंय ना त्यात."

घरचं! आणि माझं काय, उकिरडा होता? "मग मला कामून दिलास, अण्णा?"

"समद्यांचं थोडंच जातंय? म्हटलं, तुझं चालंल."

चालंल म्हणे! परक्यानं लुटलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. यानं केसानं गळा कापला, तोही माझा चहा पिऊन. बसमध्ये सगळ्यांसमोर रडले मी.

शनिवारी अक्का आली. मी तिला बसवलं आणि अण्णाचं सगळं सांगितलं. किती विश्वास टाकला, किती नीच निघाला. सांगता सांगता माझा आवाज चढला. अक्का म्हणाली, "ते तुझं नि त्याचं. माझी माय कुठं हाय?"

मी पाकीट पुढं केलं. तिनं तुकडे टेबलावर काढले, सोललेल्या कागदावरून बोट फिरवलं.

"हे कॉम्प्युटरनं केलं?"

"न्हाई अक्का. माझ्या हातानं झालं."

"कवा?"

"तुम्ही बाजाराला आलता, त्याच्या आदी."

ती एकेक तुकडा वेचून पाकिटात भरायला लागली. एक खाली पडला. मी उचलायला वाकले, तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू हात लावू नको आता."