एक्केचाळीस नंबरचा शिक्का

माणूस लखनौत शेहेचाळीस वर्षं काढतो, तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर बांधतो, मुलीला तिथल्याच शाळेत घालतो, आणि भांडत राहतो ते सातारा जिल्ह्यातल्या आंबेखिंड नावाच्या गावाशी. नंदकुमार साळुंख्यांचं असं होतं. गावाला या भांडणाचा पत्ता नव्हता. गाव आपलं मजेत होतं.

भांडण एका दहाच्या नोटेचं. नंदकुमारांचे वडील हवालदार विष्णू साळुंखे, गावाचे आप्पा, १९४६ साली बर्माच्या लढाईवरून परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ही नोट होती. नोट हिंदुस्थानचीच, राजाच्या चेहऱ्याची. फक्त तिच्यावर तांबड्या शाईत इंग्रजी ओळी नंतर छापलेल्या होत्या की ही नोट बर्मातच चालेल. तिथल्या लष्करी अंमलासाठी सरकारनं अशा नोटा काढल्या होत्या. आप्पांच्या नोटेवर त्या तांबड्या ओळी उलट्या होत्या, राजा सरळ आणि अक्षरं डोक्यावर उभी. पगार वाटणारा बाबू तेव्हा हसला होता आणि आप्पांनी ती न मोडता गंमत म्हणून ठेवून दिली होती.

गंमत अंगाशी आली. आप्पांनी नोट चावडीवर दाखवली, कुणीतरी तालुक्याला कळवलं आणि फौजदार आला. "सरकार कधी उलटं छापतं का रे?" असं म्हणून त्यानं आप्पांना दोन दिवस कोठडीत बसवलं. सिद्ध काहीच झालं नाही, म्हणून नोट तोंडावर फेकून सोडून दिलं. पण शाळेच्या शिपायाची नोकरी, जी जवळजवळ हातात आली होती, ती दुसऱ्याला गेली आणि आप्पांना नाव पडलं, नोटछाप्या. लढाईत पायात छर्रे घेऊन आलेला माणूस, पण गावाला छर्रे दिसले नाहीत. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. नंदकुमार शाळेत गेले ते नोटछाप्याचा पोरगा म्हणूनच.

हा पोरगा कराडला डिप्लोमा करून रेल्वेत लागला आणि लखनौला, मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये येऊन पडला. काम तपासणीचं. कारखान्यांतून येणाऱ्या डब्यांच्या स्प्रिंगा भिंगाखाली धरायच्या, चीर शोधायची, माल बरा असेल तर त्यावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. त्यांचा नंबर एक्केचाळीस. लोखंडावर ठोकायला पोलादी शिक्का, कागदावर उठवायला रबरी. शाई जांभळी, रॉकेलनंही न निघणारी. या कामात त्यांना एक गोष्ट पक्की कळली: दोष कधी एकटा येत नाही. एक स्प्रिंग वाकडी निघाली तर त्याच घाण्यातली दुसरी कुठंतरी असतेच.

मग नोटेचंही तेच असणार. छापखान्यातल्या कुणीतरी कागदांची चळत उलटी घातली असेल तर एकच नोट कशी उलटी निघेल? आप्पांच्या नोटेचं भावंड कुठंतरी असलंच पाहिजे. ते सापडलं की फौजदार खोटा, गाव खोटं आणि आप्पा खरे.

तेव्हापासून दर रविवारी नंदकुमार नख्खासच्या बाजारात. जुन्या कुलपांच्या, फुटक्या घड्याळांच्या ढिगात बसून लष्करी नोटा शोधायच्या. जपान्यांनी बर्मासाठी छापलेले रुपये, कैद्यांच्या छावण्यांतली कुपनं, काय काय जमलं. कुठं आकडा पुसट, कुठं शाई सांडलेली, कुठं कडा तिरकी कापलेली. पाचदहा शौकीन निशातगंज भागात महिन्यातून एकदा जमायचे, त्यांच्यात नंदकुमारांचा दरारा होता. कुणी नोटेला टेप लावली, कुणी लॅमिनेट केली, की हे भडकायचे. "अरे, तुम्ही जमवणारे की कसाई?" नोटेला उघडं बोट लावू द्यायचे नाहीत. आप्पांची नोट मात्र त्यांनी त्या मंडळींना कधी दाखवली नाही. दुसरी सापडल्याशिवाय दाखवायची म्हणजे पुन्हा चावडीच.

१९९६ साली ती सापडली. नख्खासच्या म्हाताऱ्या दुकानदारानं नोट पुढे केली आणि वर म्हणाला, "इंजीनियर साहब, यह तो उल्टी छपी है, आधे में ले जाइए।" तांबड्या ओळी तशाच डोक्यावर. एका अक्षराचा पाय आप्पांच्या नोटेवर तुटलेला होता, तो इथंही तिथंच तुटलेला. आणि नंबरात दोनच आकड्यांचं अंतर. नंदकुमार तिथंच, कुलपांच्या ढिगाशेजारी, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ, हमसून हमसून रडले. दुकानदार घाबरून म्हणाला, साहब, और कम कर दूँ?

पुढच्या वर्षी आप्पा लखनौला आले ते आजारी होऊनच. लष्कराच्या कमांड इस्पितळानं घरी पाठवलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खाट टाकली. नंदकुमारांनी दोन्ही नोटा भिंगाखाली धरून त्यांना दाखवल्या. आप्पांनी बराच वेळ बघितलं.

"मला ठावंच हुतं रं," ते म्हणाले. "पर तू बघितलीस न्हवं? तुझ्या कामावानी बघितलीस?"

"बघितली आप्पा. सगळी कसून बघितली."

"मग पास का?"

पास झालेला माल नुसत्या तोंडी सांगण्यानं पास होत नाही, हे नंदकुमारांच्या हाडात भिनलेलं. कागद वेगळा असला तर हरवतो, बदलतो. खूण मालावरच पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून रबरी शिक्का खिशात घालून ते घरी आले. आप्पांच्या डोळ्यांदेखत दोन्ही नोटांच्या पाठीवर कोपऱ्यात त्यांनी तो उठवला. जांभळं वर्तुळ, आत एक्केचाळीस. आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि हसले. कोठडीतून सुटल्यावर ते असं हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आठ दिवसांनी ते गेले.

नोटेला टेप लावणाऱ्याला कसाई म्हणणाऱ्या या माणसाला तेव्हा, किंवा पुढं सत्तावीस वर्षं, आपण काय केलं हे कळलं नाही. नवल नाही. स्वतःचा शिक्का कुणाला डाग वाटतो?

मग गेल्या वर्षी गावाहून धैर्यशीलचा फोन आला. हा नंदकुमारांच्या चुलतभावाचा मुलगा, आता सरपंच. शाळेला शंभर वर्षं होणार, अंगणात गावच्या सैनिकांच्या नावांची फरशी बसवायची ठरलं होतं. तेवीस नावं निघाली होती.

"पण तात्या, आप्पांच्या नावावर दोघातिघांचा आक्षेप हाय," धैर्यशील म्हणाला. "ते नोटेचं जुनं लफडं. म्हंजे मी म्हणत न्हाई, लोक म्हणत्यात. तुमच्याकडं कायतरी कागद असंल तर धाडा. शिक्क्याचा."

"आहे," नंदकुमार म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा झाला की आतून त्यांच्या बायको, कांचनताई, धावत आल्या. "आहे पुरावा! महिन्यात देतो."

जुन्या नोटा तपासून दाखला देणारी एक कंपनी होती. मैत्रेयीनं, त्यांच्या मुलीनं, मोबाइलवर फॉर्म भरला. "बाबा, टेन्शन मत लो, हो जाएगा," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची हिंदीच. नंदकुमारांनी नोटांसोबत चार पानी अहवाल जोडला: तुटका पाय, आकड्यांचं अंतर, मोजमापं, सगळं. त्या महिन्यात ते दोनदा केस कापून आले. फरशीच्या समारंभाला जायचं होतं ना. कांचनताईंनी त्यांचा कोट उन्हात टाकला.

पाकीट पाच आठवड्यांनी आलं. दोन्ही नोटा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत, आणि दोन्हींवर तेच इंग्रजी वाक्य: नोटेत नंतर फेरफार झालेला आहे, दाखला देता येत नाही.

नंदकुमारांनी फोन लावला. पलीकडची मुलगी बोलायला गोड होती.

"सर, नोट के पीछे बैंगनी स्टैम्प है, वह बाद का है।"

"तो माझा आहे!" नंदकुमार मराठीतच ओरडले, मग हिंदीवर आले. "वह मेरा है। मैंने लगाया है। मैं इंस्पेक्टर था, उससे नोट पास होती है। आप सामने की छपाई देखिए।"

"सर, आप ही बताइए," ती म्हणाली, "जिस आदमी ने एक छाप बाद में लगाई, लाल वाली भी उसी ने नहीं लगाई, यह हम कैसे लिखें? और दोनों नोट एक ही हाथ से निकले हैं।"

फौजदार बरा, तो निदान शिवी देऊन बोलला होता. नंदकुमारांनी फोन खाली ठेवला. मुलीचं चुकलं नव्हतं, हेच त्यांना सोसवेना. त्यांच्या टेबलावर अशी स्प्रिंग आली असती तर त्यांनीही हेच लिहिलं असतं.

"स्पिरिटनं निघेल का हो?" कांचनताईंनी हळूच विचारलं.

"आणखी फेरफार करू?" ते खेकसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आप्पा म्हणायचे. कपाटात तो रबरी शिक्का अजून होता. निवृत्तीच्या वेळी हरवला असं सांगून त्यांनी तो ठेवून घेतला होता, आप्पांची आठवण म्हणून. आता त्यांना तो बघवेना आणि टाकवेनाही.

धैर्यशीलला खोटं सांगता आलं असतं. पण आयुष्यभर माल तपासलेला माणूस, खरं तेच सांगून बसला. शिक्का मीच मारला, आप्पांसाठी मारला, म्हणून कागद मिळाला नाही. पण नोट खरी आहे, धैर्यशील, माझ्यावर विश्वास ठेव.

धैर्यशील हसला. वाईट मनानं नाही, गावात हसतात तसा.

"म्हंजे तात्या, छपाईचं काम तुमच्या घराण्यातच हाय म्हणायचं!"

पाऊणशे वर्षांनी नाव वारसाला लागलं. कोट पुन्हा कपाटात गेला.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मैत्रेयीच्या मोबाइलवर फोटो आला. काळी फरशी, सोनेरी अक्षरं, हार. दोन बोटांनी फोटो मोठा करून ती एकेक नाव वाचत खाली गेली, पुन्हा वर आली.

"बाबा, बाईस ही हैं। आजोबा का नाम तो है ही नहीं।"

"नसणारच," नंदकुमार म्हणाले. "त्यांना मी नापास केलं."